वाऱ्याच्या हातातला डबा

"काकू, आज बेटावर जाऊ नका. प्लीज. मी सांगेपर्यंत तरी नका जाऊ."

फोनवर घुबड होती, म्हणजे खेळात ते नाव घेतलेली मुलाची मैत्रीण. पार्लरवाल्या ताईंच्या एका हातात रंगाचा ब्रश होता, दुसऱ्या हातात बँकेतल्या मॅडमच्या केसांची बट, आणि फोन खांद्यात नि कानात दाबून धरलेला.

"का गं? काय झालं?"

"काही नाही. म्हणजे झालंय. पण तुम्ही नका ना बघू. आम्ही सगळ्यांनी तक्रार केलीये."

एवढं बोलून तिने फोन ठेवूनच दिला. आता कुठल्याही आईला 'बघू नका' असं सांगितलं तर ती काय करेल? ताईंनी बटेवर रंगाचा शेवटचा हात फिरवला, मॅडमच्या डोक्याला टोपी चढवली, "जरा बसा हं, मी आलेच" म्हणाल्या आणि पार्लरच्या मागच्या खोलीत गेल्या. तिथे धुतलेल्या टॉवेलांच्या चळतीशेजारी, शाम्पूच्या कॅनना पाठ लावून, एक जुना कॉम्प्युटर होता. तो त्यांच्या मुलाचा.

मुलाला घरात बारक्या म्हणायचे, थोरल्या मुलीच्या पाठचा म्हणून. तो जन्मला तोच अधू हृदय घेऊन. पळायचं नाही, जिना चढताना मध्ये थांबायचं, पोहायचं नाही, कॉफी नाही. आणि दुकानात रंगीत डब्यांतून मिळतात ती ताकदीची पेयं तर डोळ्यांनीही बघायची नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पार्लर खाली, घर वर. मधल्या वळणावर ताईंनी त्याच्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं. शाळेतून आला की तो त्यावर बसायचा, दम खायचा आणि जिन्यातूनच पार्लरमधल्या बायकांच्या गप्पांवर टोमणे मारायचा. बायका त्याच्यावर खूश असायच्या.

पण एका ठिकाणी बारक्या पळायचा. 'निळं बेट' नावाचा एक खेळ होता, जगभरातली पोरं एकाच वेळी खेळत असतील असा. त्या बेटावर माणसं घरं बांधायची, मासे पकडायची, व्यापार करायची. बारक्याने तिथे निरोप्याचं काम पत्करलं होतं. या किनाऱ्यावरचं सामान त्या किनाऱ्यावर पोचवायचं, डोंगर ओलांडून, पूल ओलांडून, पळत. तिथे त्याचं नाव होतं वारा. कॉम्प्युटरसमोर बसलेला बारीक खांद्यांचा मुलगा आणि पडद्यावर निळा कोट उडवत पळणारा तो पोरगा, दोघांना एकदम पाहिलं की ताईंना हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

सोळावं सरता सरता बारक्या गेला. त्यावर जास्त काय बोलायचं.

काही आठवड्यांनी थोरलीने त्याचा कॉम्प्युटर उघडला, तर निरोपांचा खच पडलेला. 'वारा, कुठे गायब?' 'वाऱ्या, माझी होडी अडकलीये, ये ना.' 'अरे रागावलास का?' थोरलीने रडत रडत सगळ्यांना खरं काय ते कळवलं.  दोन दिवसांनी घुबड नावाच्या मुलीने लिहिलं, "दीदी, तुमच्या आईला एकदा इथे आणाल?"

त्या खेळात एक रीत होती. खेळणारा निघून गेला तरी त्याचं पात्र जिथे होतं तिथेच राहायचं, झोप लागल्यासारखं बसून. वारा शेवटी एका टेकडीवर बसला होता, समुद्राकडे तोंड करून. त्याच्या दोस्तांनी त्याच्या शेजारी एक दिवा उभारला होता आणि एक लांब बाक ठेवला होता. बेटावर येणारा-जाणारा तिथे थांबायचा, दिव्याला हात लावायचा, दोन मिनिटं बसायचा. नव्याने आलेल्यांना जुने सांगायचे, हा आमचा निरोप्या होता.

थोरलीने आईसाठीही एक पात्र बनवलं, 'वाऱ्याची आई' या नावाचं. ताईंना कात्री, कंगवा, वस्तरा सगळं चालवता यायचं, पण हे पात्र काही केल्या सरळ चालेना. पहिल्या दिवशी त्या विहिरीत पडल्या. दुसऱ्या दिवशी एका बकरीने त्यांना ढकलून नदीत घातलं. "अगं, ही बकरी माझ्याच मागे का लागलीये?" असं त्या ओरडल्या तेव्हा तो गेल्यापासून पहिल्यांदा घरात कुणीतरी हसलं. शेवटी घुबडीने त्यांच्यापुढे एकेक पाऊल चालत त्यांना टेकडीवर नेलं होतं.

तेव्हापासून दुपारी गिऱ्हाइकं नसली की ताई मागच्या खोलीत जायच्या आणि त्या बाकावर बसायच्या. काही करायच्या नाहीत. मुलगा शेजारी बसलाय, समोर समुद्र आहे, एवढंच. कुणाला वेडेपणा वाटला तर वाटो.

तर त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि टेकडी चढल्या.

दिवा नारिंगी झाला होता. त्याच्या मागे टेकडीच्या माथ्यावर एक भलामोठा फलक उभा होता आणि त्यावर वीज कोसळताना दाखवली होती. पण ताईंची नजर फलकावर गेलीच नाही. ती गेली वाऱ्यावर. त्याचा निळा कोट, जो त्याने महिनाभर सामान वाहून मिळवला होता आणि ज्याची फाटकी बाही बदलायला तो तयार नव्हता, तो कोट अंगावर नव्हता. अंगावर होतं चकचकीत नारिंगी जाकीट आणि छातीवर आडवं लिहिलेलं 'झपाटा'. हातात नारिंगी डबा. थोड्या थोड्या वेळाने तो डबा तोंडाला लावायचा, घोट घ्यायचा आणि हात वर करायचा. मग डोक्यावर अक्षरं उमटायची:

'मी कधीच दमत नाही! माझं गुपित? झपाटा!'

ताईंना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाकडे आलो. त्यांनी जवळ जाऊन नाव पाहिलं. वारा. त्या यांत्रिकपणे बाकावर बसल्या. बसल्याबरोबर ढोल वाजल्यासारखा आवाज झाला आणि त्यांच्याही पात्राच्या हातात एक डबा येऊन पडला. खाली लिहिलं होतं, 'वाऱ्याकडून तुम्हाला खास भेट.'

बाहेरून बँकेतल्या मॅडम ओरडत होत्या, "अहो ताई! माझं डोकं चुरचुरतंय! ताई!"

ताईंना ते ऐकू आलं, पण कुठल्यातरी दुसऱ्या घरातून आल्यासारखं. मॅडमचे केस त्या दिवशी तपकिरी व्हायचे ते तांबडे झाले. सगळं कळल्यावर त्या बिचाऱ्या तक्रारीचा शब्दही बोलल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "राहू देत, बरे दिसतायत."

संध्याकाळी थोरली कामावरून आली आणि तिने पडद्यावर ते पाहिलं. ती आईसारखी गप्प बसणारी नव्हती. तिने कंपनीच्या मदत-कक्षाला लिहायला घेतलं. समोरून उत्तरं झटपट येत होती, कारण ती कुणी माणूस देतच नव्हता.

'माझ्या भावाच्या पात्राला जाहिरातीचे कपडे घातले आहेत. ताबडतोब काढा.'

'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे! खात्यातले बदल खातेधारकाने स्वतः करायचे असतात.'

'खातेधारक हयात नाही.'

'हे ऐकून वाईट वाटलं! खातेधारक बऱ्याच दिवसांत आलेला नाही असं दिसतं. त्याला परत बोलावण्यासाठी आपल्यातर्फे झपाट्याचा एक डबा भेट पाठवायचा का?'

थोरलीने कळफलक इतक्या जोरात ढकलला की तो टॉवेलांवर जाऊन पडला. ताईंनी मात्र तो शांतपणे उचलला, पुसला, जागेवर ठेवला.

"यांचं ऑफिस कुठे आहे गं?" त्यांनी विचारलं.

ऑफिस त्याच शहरात निघालं, नदीपलीकडच्या काचेच्या इमारतींत. दुसऱ्या दिवशी ताईंनी पार्लरच्या दाराला 'आज बंद' अशी पाटी लावली, इस्त्रीचे कपडे घातले आणि थोरलीला घेऊन निघाल्या. भेटीची वेळ ठरलेली नव्हती. स्वागताच्या टेबलावरच्या मुलीने तीनदा "अपॉइंटमेंट?" विचारलं आणि ताईंनी तिन्ही वेळा "त्या निळ्या बेटावर माझा मुलगा बसलाय, त्याच्याबद्दल बोलायचंय" एवढंच सांगितलं. मुलगी गोंधळली. आत कुणालातरी फोन झाला. त्या बसल्या होत्या तिथे समोरच काचेचा फ्रिज होता, आणि तो वरपासून खालपर्यंत नारिंगी डब्यांनी भरलेला.

शेवटी एक तरुण बाहेर आला. स्वच्छ दाढी, पांढरेशुभ्र बूट, जणू ते कधी जमिनीला लागलेच नसावेत. ताईंनी मनातल्या मनात त्याचं नावच ठेवलं, पांढरे बूट. तो जाहिरात-भागीदारीचा प्रमुख होता. त्याने दोघींना एका छोट्या खोलीत नेलं, जिथे खुर्च्यांऐवजी मोठमोठ्या मऊ पिशव्या होत्या. ताई त्यातल्या एकीवर बसल्या आणि जवळजवळ आत गेल्या. भांडायला आलेल्या माणसाला बसवायला ही जागा फार हुशारीने निवडलीय, असं त्यांना वाटलं. त्या धडपडत उठल्या आणि उभ्याच राहिल्या.

"मॅडम, आधी तर तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," पांढरे बूट म्हणाले. आवाज खरंच मऊ होता. "थोडं समजावून सांगतो. खेळ फुकट आहे. तो चालवायचा तर जाहिराती लागतात. बेटावर लाखो खाती अशी आहेत जी वापरातच नाहीत. त्यांना आम्ही शांत पात्रं म्हणतो. ती नुसती बसून असतात. त्यांना प्रायोजकांचे कपडे द्यायचे, अशी ही नवीन योजना आहे. खातं उघडताना जे नियम मान्य केले जातात, त्यात हे सगळं आहे."

"लाखो पात्रं बसलीयत म्हणालात," ताई म्हणाल्या. "मग त्याच्याच डोक्यावर एवढा मोठा फलक का?"

पांढरे बूट किंचित खुलले. हा प्रश्न त्यांच्या कामाचा होता. "कारण ती टेकडी, मॅडम! बेटावरच्या सगळ्यांत जास्त थांबण्याच्या जागांपैकी ती एक आहे. इतर ठिकाणी लोक पळत असतात. तिथे थांबतात. शांत बसतात. जिथे माणूस थांबतो, तिथे जाहिरात बघितली जाते."

"ते का थांबतात माहितीये तुम्हाला?"

"तसं कारण आम्ही..."

"माझा मुलगा मेला म्हणून थांबतात."

 थोरलीने आईचा हात धरला. तो ताईंनी सोडवून घेतला.

"त्याचं हृदय जन्मापासून अधू होतं. हे जे डबे तुम्ही बाहेर मांडून ठेवलेत ना, त्यातला एक घोटही त्याच्या पोटात जाऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरांचं सांगणं होतं. एकदा वर्गातल्या मुलांनी वाढदिवसाला दिला, तर हा न उघडता घरी घेऊन आला आणि म्हणाला, आई, टाकून दे, मला मोह व्हायला नको. असा होता तो. आणि तू त्याच्या हातात तोच डबा दिलास. वर त्याच्या तोंडी घातलंस, मी कधीच दमत नाही. अरे, तो जिना चढताना दमायचा! बूट घालताना दमायचा!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते ताईंनाही कळलं नाही.

पांढऱ्या बुटांचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता, आणि ताईंना त्याचाच जास्त राग येत होता. वाईट माणूस असता तर दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. "मॅडम, आम्हाला खरंच कल्पना नव्हती," तो म्हणाला. "आमच्याकडे फक्त एवढंच दिसतं की खातं किती दिवस बंद आहे. कंटाळून सोडून गेलेला माणूस आणि... म्हणजे, माहितीच्या दृष्टीने दोन्ही सारखंच."

"तुझ्या माहितीला सांग, सारखं नसतं."

त्याने मान खाली घातली. मग वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत एक नवी कल्पना चमकली. ती चमक थोरलीने आधी ओळखली आणि ती पुटपुटली, "आता हा काय बोलणार..."

"आपण याचं काही चांगलं करू शकतो," तो म्हणाला. "विचार करा. वाऱ्याच्या नावाने खास डबा. प्रत्येक डब्यामागे थोडी रक्कम हृदयरोगी मुलांच्या उपचाराला. तुमची गोष्ट लोकांपर्यंत पोचेल. झपाटावाले नाही म्हणणार नाहीत, मी बोलतो त्यांच्याशी."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर त्या लोकांच्या डोक्याला हात लावून पोट भरत आल्या होत्या, रागाने बोलणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं आणि सवयीचंही नव्हतं. पण त्या खोलीत त्यांचा आवाज असा चढला की काचेपलीकडची माणसं कामं सोडून बघायला लागली.

"त्याचे कपडे काढ. त्याच्या हातातला डबा काढ. तो जसा होता तसा मला परत दे. दुसरं काही नको. तुझे पैसे नकोत, दान नको, गोष्ट नको. समजलं?"

"हो, मॅडम. लगेच बघतो."

बाहेर पडताना स्वागताच्या टेबलावरच्या मुलीने सवयीने दोघींपुढे एकेक डबा धरला. "कंपनीतर्फे," ती हसून म्हणाली. थोरलीने दोन्ही डबे घेतले आणि दारातल्या कुंडीत उलटे खोचले.

लगेच बघतो म्हणाला होता, आणि त्याने खरंच बघितलं. दोन दिवसांनी घुबडीचा फोन आला. ती हुंदके देत होती.

"काकू, वारा नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"टेकडीवर नाहीये. कुठेच नाहीये. त्याचं नाव टाकलं तर 'असं कुणी नाही' म्हणतं."

त्याच सुमारास थोरलीच्या मोबाइलवर कंपनीचा मेल येऊन पडला. आपल्या विनंतीनुसार सदर खाते कायमस्वरूपी पुसण्यात आले आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

ताईंनी तो मेल पुन्हा पुन्हा वाचला. विनंतीनुसार! त्यांनी काय मागितलं होतं आणि या लोकांनी काय ऐकलं होतं! जाकीट काढा म्हटलं, तर यांनी जाकिटासकट मुलगा काढून टाकला. त्याने कमावलेला कोट गेला, ओलांडलेले पूल गेले, दोस्तांशी केलेल्या गप्पा गेल्या. पहिल्यांदा मुलगा गेला तेव्हा दोष द्यायला निदान कुणी नव्हतं; आता होतं.

पण अजून बाकी होतंच. त्यांनी टेकडी चढून पाहिलं. फलक तिथेच होता. दिवा नारिंगीच होता. आणि मुलगा बसायचा नेमक्या त्या जागी कंपनीने एक नवा बाहुला बसवला होता, नारिंगी जाकिटातला, पांढऱ्या दातांचा. तो डबा उंचावून म्हणत होता, 'झपाटा घ्या, वाऱ्यासारखे पळा!'

नाव तेवढं ठेवून घेतलं होतं त्यांनी.

थोरली म्हणाली, "आई, वकील गाठूया." बारक्याचा मामा आला आणि म्हणाला, "अगं, एवढ्या मोठ्या कंपनीशी कुठे डोकं फोडणार? एक खेळ तो. विसरून जा." ताईंनी भावाकडे पाहिलं. "तुझ्या घराच्या भिंतीवर कुणी न विचारता चुना लावला तर शेजारपाजारच्यांना गोळा करशील," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या पोरावर लावला तर विसरून जाऊ?" मामा चहा अर्धा टाकून गेला.

वाट घुबडीनेच काढली. ती कॉलेजात जाहिरातीचाच कसलासा अभ्यासक्रम शिकत होती, आणि त्याची तिला आता लाज वाटत होती. तिने ताईंना समजावलं, "काकू, फलक किती जणांनी पाहिला हे ते कसं मोजतात माहितीये? आपल्या पात्राचं तोंड कुठे आहे त्यावरून. तोंड फलकाकडे असलं तरच बघितलं असं धरतात. पाठ असली तर शून्य."

"मग?"

"मग आपण पाठ करून बसायचं."

पहिल्या दुपारी मोजके दोस्त आले. ताई मधोमध. सगळे टेकडीवर बसले, समुद्राकडे तोंड, फलकाकडे पाठ. बाहुला मागून ओरडत राहिला. दुसऱ्या दुपारी ज्यांनी वाऱ्याला कधी पाहिलंही नव्हतं असे लोक आले. परदेशातली मुलं आली, त्यांची भाषा ताईंना कळेना, पण ती येऊन बसायची आणि बसण्याआधी वाकून ताईंच्या पात्राला हात हलवायची. आठवड्याभरात टेकडीचा उतार भरून गेला. खालच्या वाटेवरही लोक पाठमोरे बसायला लागले. बेटावरचे बाकीचे व्यवहार थंडावले. माशांच्या बाजारात कुणी नाही, होड्या रिकाम्या.

कंपनीने तिथे बसायला बंदी घातली. लोक उभे राहिले. कंपनीने उभं राहणाऱ्यांना दूरच्या किनाऱ्यावर नेऊन टाकायला सुरुवात केली. लोक तिथून चालत परत आले. ताईसुद्धा परत आल्या, बकरीला चुकवत, आणि येताना एकदाही विहिरीत पडल्या नाहीत.

त्या पाठमोऱ्या गर्दीचं चित्र कुणीतरी बाहेर पाठवलं आणि ते वाऱ्यासारखंच पसरलं. एक पत्रकार बाई पार्लरमध्ये आल्या. ताईंनी त्यांना केस कापता कापता सगळं सांगितलं, पण बारक्याचा फोटो दिला नाही. "फोटो द्यायचा नाही," त्या म्हणाल्या. "लिहायचं ते लिहा. त्याचा चेहरा आता कुठेच लागायला नको."

बातमी आली आणि मग सगळं भराभर झालं. झपाटावाल्यांनी जाहीर केलं की आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि अंग काढून घेतलं. फलक गेला, बाहुला गेला. निळ्या बेटाच्या कंपनीनेही निवेदन काढलं, 'कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत.' थोरलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा पार्लरमधल्या तिन्ही खुर्च्यांवरच्या बायका एकदम म्हणाल्या, "असतील तर?"

कंपनीने नियमही बदलला. माणूस गेल्याचं घरच्यांनी कळवलं तर त्याच्या पात्राला कुणी हात लावणार नाही. चांगलं झालं. पुढच्या कुणाला तरी उपयोग होईल. पण वारा परत आला नाही. पुसलेलं परत आणता येत नाही, असं त्यांनी लिहून कळवलं.

महिन्याभराने ताई गच्चीत टॉवेल वाळत घालत असताना पांढऱ्या बुटांचा फोन आला. आवाज तसाच मऊ.

"मॅडम, चांगली बातमी आहे. त्या टेकडीला आम्ही कायमची स्मृती-टेकडी करतोय. जे कुणी गेले त्या सगळ्यांची नावं तिथे राहतील. उद्घाटन तुमच्या हातून व्हावं अशी सगळ्यांची इच्छा आहे."

ताईंचा हात दोरीवरच थांबला. क्षणभर त्यांना खरंच बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "हे सगळं करतंय कोण? खर्च कुणाचा?"



"एक आयुर्विमा कंपनी आहे," तो म्हणाला. "पण त्यांचं नाव अगदी छोटं असेल, मॅडम. खाली. कोपऱ्यात."

ताईंनी त्याला काय म्हटलं ते शेजारच्या गच्चीवर गाद्या वाळत घालणाऱ्या आजींनी ऐकलं, आणि नंतर गल्लीभर सांगितलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. सौम्य भाषेत अर्थ एवढाच होता की पुन्हा फोन करशील तर याद राख.

त्यानंतर ताई बेटावर गेल्या नाहीत. कॉम्प्युटर त्यांनी थोरलीच्या खोलीत ठेवून दिला.

सुट्टी लागल्यावर घुबड त्यांना भेटायला आली. ताईंच्या मनातली घुबड उंच, चष्म्याची, धीट अशी होती. दारात उभी होती ती एक ठेंगणी, लाजाळू मुलगी, प्रवासाने विस्कटलेल्या केसांची. "काकू, मी," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. ताईंनी तिला खुर्चीत बसवलं, केस धुतले, पुसले, आणि मग दोघी मागच्या खोलीत जेवायला बसल्या.

"तो आजारी होता हे आम्हाला कधी कळलंच नाही," घुबड म्हणाली. "एका शब्दाने नाही. आम्हाला वाटायचं, हा शाळेतला मोठा धावपटू असणार. आणि कुणी नवखं मागे राहिलं ना, तर हा पुलाच्या टोकाला उभा राहून वाट बघायचा. आम्ही ओरडायचो, चल ना लवकर. तर म्हणायचा, घाई काय आहे, त्याला दम घेऊ दे."

"धावपटू!" ताई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी तिला जिन्यातलं ते स्टूल दाखवलं, त्यावर बसून तो गिऱ्हाइकांना काय काय टोमणे मारायचा ते सांगितलं, आणि शाळेच्या शर्यतीत शिट्टी फुंकायचं काम मिळालं म्हणून तो घरभर कसा मिरवला होता तेही. घुबड ऐकत होती, मधूनच विचारत होती. मध्येच तिने विचारलं, "काकू, अजून राग येतो तुम्हाला?"

"येतो तर," ताई म्हणाल्या. "रोज येतो. तू आमटी वाढून घे ना अजून, काहीच खाल्लं नाहीस."